धावण्याचे बूट : अंतर बदललं की गणित बदलतं

१९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला. या वेळी त्याला २ तास १२ मिनिटं ११ सेकंद लागले. म्हणजे बुटांनी त्याची तीन मिनिटं वाचवली असं म्हणायचं का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. थोड्याच वेळात तेच सांगू लागतील की दोन्ही शर्यतींचा रस्ता वेगळा होता, हवामान वेगळं होतं आणि मधल्या चार वर्षांत धावणाऱ्याचा सरावही झाला होता. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या बुटाला देता येत नाही.

आज हाच प्रश्न मोठ्या किमतीची चिठ्ठी लावून आपल्यासमोर येतो. जाड, मऊ तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट बाजारात वीस हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही महाग मिळतात. जिल्हा पातळीवर धावणारी मुलगी किंवा तिचे पालक शाळेतल्या शिक्षकांना विचारतात, “सर, हे बूट घ्यावेत का?” या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर नाही. धावायचं अंतर किती आणि वेग किती, यावर ते अवलंबून आहे. ते कसं, हे समजून घ्यायला आठवी-नववीचं पदार्थविज्ञान पुरतं.

ऊर्जा येते कुठून, जाते कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे बूट ऊर्जा निर्माण करत नाही. त्यात इंजिन नसतं, बॅटरीही नसते. पाऊल जमिनीवर टेकतं तेव्हा शरीराचा वेग क्षणभर कमी होतो आणि शरीर थोडं खाली येतं. काही गतिज व स्थितिज ऊर्जा त्या वेळी शरीराबाहेर किंवा शरीरातच दुसऱ्या रूपात जाते. पुढच्या क्षणी पुन्हा उसळी घेण्यासाठी ती परत मिळवावी लागते.

यातली बरीचशी ऊर्जा आपलं शरीर स्वतःच साठवून परत देतं. पोटरीचा स्नायू आणि टाच यांना जोडणारी जाड कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि परत आखडते. पावलाच्या तळाची कमानही दबते आणि परत उसळते. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याचा हिशेब मांडला. ७० किलो वजनाचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगानं धावत असेल, तर प्रत्येक पावलागणिक सुमारे १०० जूल ऊर्जेची अशी देवघेव होते. त्यांपैकी सुमारे ३५ जूल टाचेच्या कंडरेत आणि सुमारे १७ जूल पावलाच्या कमानीत साठतात. थोडक्यात, निम्मं काम निसर्गानं दिलेल्या स्प्रिंगाच करतात.

बूट हा या साखळीतला आणखी एक दुवा. पाऊल टेकलं की बुटाचा मधला थर दबतो आणि उचलताना परत फुगतो. दाबण्यासाठी खर्चलेल्या ऊर्जेचा काही भाग परत मिळतो, उरलेली उष्णतेच्या रूपानं वाया जाते. चांगला फोम म्हणजे ही गळती कमी करणारा फोम. ‘उसळी देणारा बूट’ या जाहिरातीतल्या शब्दांचा शास्त्रीय अर्थ इतकाच आहे.

नवीन काय घडलं?

अनेक वर्षं बुटाचा मधला थर ईव्हीए नावाच्या फोमचा असे. आपल्या साध्या हलक्या चपलांमध्येही तोच असतो. २०१७ साली नायकी कंपनीनं एका शर्यतीच्या बुटात पीबा या कुळातला फोम वापरला. हे प्लास्टिक बर्फावरच्या स्की-बुटांमध्ये आधीपासून होतं. त्याचा फोम अतिशय हलका, मऊ आणि उसळी घेणारा निघाला. या फोमच्या जाड थरात कार्बन तंतूंची वक्र, ताठ पट्टी बसवली होती.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात या बुटाची दोन नावाजलेल्या बुटांशी तुलना झाली. यंत्रानं दाबून पाहिल्यावर जुने बूट दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६६ आणि ७६ टक्के परत देत होते, नवा ८७ टक्के. शिवाय तो जवळजवळ दुप्पट दबत असल्यानं मुळात साठवलेली ऊर्जाच अधिक होती. प्रत्येक पावलाला नवा बूट सुमारे साडेसात जूल परत देत होता, तर जुने त्याच्या निम्म्याच्या आसपास.

मग १८ धावपटूंना सरकत्या पट्ट्यावर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगानं धावायला लावलं. तोंडावर मुखवटा लावून ते किती प्राणवायू वापरतात हे मोजलं, कारण त्यावरून शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे कळतं. नव्या बुटात हा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला. या प्रयोगाला बूट बनवणाऱ्या कंपनीचंच साहाय्य होतं, ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. परंतु पुढे इतर विद्यापीठांतल्या मोजणीतही साधारण अडीच ते चार टक्क्यांची बचत दिसली, त्यामुळे हा परिणाम खरा मानावा लागतो.

त्या कार्बन पट्टीचं काय? बहुतेकांना वाटतं की जादू त्या पट्टीतच आहे. संशोधकांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी पट्टी आडवी कापून तिचा ताठपणा घालवला आणि त्याच बुटात धावपटूंना धावायला लावलं. ऊर्जेच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे बचतीचं मोठं श्रेय फोमकडे जातं. पट्टी मऊ फोमला आकार आणि स्थैर्य देते, पण ती स्प्रिंगसारखी माणसाला पुढे फेकत नाही. ‘कार्बन प्लेट आहे’ एवढं वाचून बूट घेऊ नये, याचं कारण हेच.

हलकेपणाचा नियम

दुसरा घटक वजनाचा. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढलं की धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे १ टक्क्यानं वाढतो. हे अनेकदा मोजलं गेलं आहे. पाय पुढे-मागे झोकावा लागतो आणि वजन अगदी त्याच्या टोकाला असतं, म्हणून थोडं वजनही जाणवतं. दोरीला दगड बांधून फिरवून पाहिलं तर मुलांना हे लगेच पटतं.

मग अनवाणी धावणं सर्वांत काटकसरीचं ठरायला हवं. ते तसं ठरत नाही, कारण उशी नसली की धक्का शोषण्याचं काम स्नायूंना करावं लागतं आणि त्यालाही ऊर्जा लागते. बुटात नेहमी हा सौदा असतो. उशी वाढवली तर वजन वाढतं आणि वजन कमी केलं तर उशी जाते. पीबा फोमनं जाड उशी हलक्या वजनात देऊन हा सौदा बदलला. २०२३ साली बर्लिन मॅरेथॉनमध्ये टिगिस्ट असेफानं २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा त्या वेळचा महिलांचा विश्वविक्रम केला. तिच्या पायांतला एकेक बूट सुमारे १३८ ग्रॅमचा होता.

१०० ते ४०० मीटर

आता अंतराकडे वळू. शंभर मीटर धावणाऱ्या उत्तम धावपटूचं पाऊल जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकतं. एवढ्या वेळात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीवर द्यायचा असतो. जाड, मऊ थर असेल तर त्यातला मोलाचा वेळ फोम दबण्यात आणि फुगण्यातच जाईल. हार्वर्ड विद्यापीठात मॅकमहॉन आणि ग्रीन यांनी १९७०च्या दशकात धावण्याच्या मार्गाबाबत हेच दाखवलं होतं. मार्गाला मोजका लवचीकपणा दिला तर वेग दोन ते तीन टक्के वाढतो, पण मार्ग फारच मऊ असेल तर धावपटू मंदावतो. पायाच्या स्प्रिंगेशी बाहेरच्या स्प्रिंगेचा मेळ बसावा लागतो.

म्हणून कमी अंतराच्या बुटात फोमचा थर पातळ, तळवा ताठ आणि पुढच्या भागाला खिळे असतात. ताठ तळव्यामुळे पावलाच्या बोटांचा सांधा वाकताना होणारी ऊर्जेची गळती कमी होते. मात्र किती ताठपणा चांगला, हे धावपटूगणिक बदलतं. इथे प्राणवायूची बचत हा मुद्दाच गौण, कारण दहा-बारा सेकंदांच्या धावेत शरीर प्रामुख्यानं स्नायूंत आधीच साठवलेल्या ऊर्जेवर चालतं. ‘चार टक्के बचत’ हा आकडा शंभर मीटरला लावणं म्हणूनच चुकीचं आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली नॉर्वेच्या कार्स्टेन वारहोमनं ४०० मीटर अडथळा शर्यत ४५.९४ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. त्याच्याही बुटात कार्बनची पट्टी होती, पण बुटाखाली उसळणारा जाड थर घालण्याला त्यानं उघड विरोध केला होता. श्रेय धावपटूचं की बुटाचं, हा वाद असा खुद्द विजेत्यांमध्येही आहे.

८०० ते १०,००० मीटर

इथे पाऊल थोडं जास्त वेळ टेकतं आणि प्राणवायूचा हिशेब महत्त्वाचा होतो. त्यामुळे नवा फोम उपयोगी पडतो, पण ट्रॅकच्या वळणांवर पकड हवी म्हणून खिळेही लागतात. या दोहोंचा मेळ घालणारे खिळ्यांचे बूट २०१९-२०च्या सुमारास आले. २०२० साली युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं ५,००० आणि १०,००० मीटरचे दोन्ही जुने विश्वविक्रम असे बूट घालून मोडले. मात्र दोन्ही वेळा ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवेही होते. बिकिलाच्या वेळचीच अडचण इथे पुन्हा आली. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की श्रेय वाटून देणं अवघड होतं.

जगातल्या सर्वोत्तम वेळांची वर्षानुवर्षांची यादी तपासली असता, नव्या बुटांनंतरची सुधारणा मध्यम व लांब पल्ल्याच्या शर्यतींत आणि त्यातही महिलांमध्ये अधिक ठळक दिसते.

स्टीपलचेसचं गणित आणखी वेगळं. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये ही ३,००० मीटरची शर्यत ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा उडी मारावी लागते. पाणी शोषून जड होणारा बूट इथे चालत नाही. पाणी झटकन निथळलं पाहिजे आणि उडीनंतर पाऊल डगमगता कामा नये. फोमच्या उसळीइतकीच ही दोन कामं महत्त्वाची.

अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन

नव्या बुटांचं खरं मैदान हे. हजारो पावलं, पक्का रस्ता आणि काटकसर हाच यशाचा मंत्र. पण इथेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, ऊर्जेची ४ टक्के बचत म्हणजे वेगात ४ टक्के वाढ नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्यानं वाढतो. त्यामुळे फार वेगानं धावणाऱ्यांच्या बाबतीत वेगातली वाढ ऊर्जेच्या बचतीच्या साधारण दोन-तृतीयांश भरते.

दुसरी, हळू धावणाऱ्यांना लाभ कमी मिळतो. ताशी १२ किलोमीटर वेगाला बचत सुमारे दीड टक्क्यांवर आणि ताशी १० किलोमीटरला एक टक्क्याच्या आत आलेली आढळली. चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याचा वेग ताशी साडेदहा किलोमीटर असतो. चार तास म्हणजे २४० मिनिटं. त्याचा एक टक्का धरला तरी अडीच मिनिटंही वाचत नाहीत. एवढ्यासाठी वीस हजार खर्चायचे का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चढ-उतारावर बचत आणखी घटते. सपाटीवर ज्यांना ३.८ टक्के लाभ झाला, त्यांनाच चढावर आणि उतारावर २.७ ते २.८ टक्के मिळाला. साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनला निघालेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. सात अव्वल केनियन धावपटूंची चाचणी घेतली तेव्हा एकाला नव्या बुटांनी ११ टक्क्यांहून अधिक लाभ झाला, तर दुसऱ्याचा तेवढाच तोटा झाला. सरासरी ही गटाची असते आणि बूट मात्र एकाच पायात जातो. गणिताच्या तासाला सरासरी शिकवताना देता येईल असं हे छान उदाहरण आहे.

नियमांची मोजपट्टी

बूट निवडताना नियमही पाहावे लागतात. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं २०२० साली तळव्याच्या जाडीवर मर्यादा घातली आणि एका बुटात एकच ताठ पट्टी चालेल असं ठरवलं. रस्त्यावरच्या शर्यतींत तळवा जास्तीत जास्त ४० मिलिमीटर जाड चालतो. ट्रॅकवर आधी ८०० मीटरपासून पुढे २५ मिलिमीटर चालत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकच्या सर्व शर्यतींना २० मिलिमीटर हीच मर्यादा आहे. म्हणजे मॅरेथॉनसाठी घेतलेला जाड बूट या नियमांनी चालणाऱ्या ५,००० मीटरच्या ट्रॅक-शर्यतीत बाद ठरतो. २०२१ साली व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला धावपटू बाद झाला, कारण त्याच्या बुटाचा तळवा मर्यादेपेक्षा एक सेंटिमीटर जाड होता. दोन तासांहून अधिक काळचे कष्ट एका सेंटिमीटरनं गेले.

वर्गात करून पाहा

फोमची उसळी शाळेतही मोजता येते. जुन्या चपलेचा तळवा, गादीतला स्पंज, थर्माकोल, रबराचा तुकडा असे साधारण सारख्या जाडीचे तुकडे जमवा. ते पक्क्या फरशीवर ठेवा. भिंतीला १०० सेंटिमीटरची पट्टी उभी लावा. काचेची गोटी १०० सेंटिमीटरवरून तुकड्यावर सोडा आणि ती किती उंच उसळते ते मोबाईलवर चित्रित करून पाहा. स्थितिज ऊर्जा उंचीच्या प्रमाणात असते. त्यामुळे गोटी जितके सेंटिमीटर उसळली, तितके टक्के ऊर्जा परत मिळाली. प्रत्येक तुकड्यावर दहा वेळा मोजून सरासरी काढा.

मग तेच तुकडे पुस्तकांच्या जड गठ्ठ्याखाली आठवडाभर ठेवून पुन्हा मोजा. फोम थकतो का, हे दिसेल. बुटांतही हे घडतं. सुमारे ४५० किलोमीटर वापरानंतर पीबा फोमची साध्या फोमवरची आघाडी उरत नाही, असं एका चाचणीत आढळलं आहे. रोजच्या सरावात असा बूट वापरला तर शर्यतीच्या दिवशी पायात किंमत राहील, उसळी राहणार नाही.

प्रयोगाची मर्यादाही मुलांना सांगावी. गोटी हलकी असते आणि क्षणात उसळते, धावणाऱ्याचं पाऊल कितीतरी जड आणि सावकाश दाब देतं. त्यामुळे गोटीच्या प्रयोगात जिंकलेला तुकडा बुटातही जिंकेलच असं नाही.

मग काय सांगावं?

शिक्षकांनी सल्ला देताना क्रमानं चार प्रश्न विचारावेत. शर्यत कोणती : ट्रॅकची, रस्त्याची की डोंगरातली? वेग किती? स्पर्धेचे नियम काय म्हणतात? आणि हा बूट याच पायाला मानवतो का? कमी अंतराला पातळ, ताठ, खिळ्यांचा बूट. मध्यम अंतराला नियमात बसणारा, नव्या फोमचा खिळ्यांचा बूट. लांब रस्त्याला जाड, हलका, उसळीचा बूट, तोही धावपटू वेगवान असेल तरच. कृत्रिम ट्रॅकवर खिळे ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, हेही खरेदीपूर्वी पाहावं.

वाढत्या वयातल्या मुलांबाबत अधिक सावध राहायला हवं. कार्बन पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंना पावलातल्या एका हाडावर ताणाची इजा झाल्याची नोंद २०२३ साली डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पाच उदाहरणांवरून बुटाला दोषी ठरवता येत नाही, पण अशा बुटांची सवय हळूहळू करावी, एवढी सूचना त्यातून घेता येते. जाड, मऊ तळव्यावर पाऊल उंच जातं आणि घोटा मुरगळण्याचा धोकाही असतो. खडबडीत मातीच्या मैदानावर तर तो विशेषच.

शाळेकडे वीस हजार रुपये असतील, तर एका मुलासाठी एक महाग जोडी आणावी की सात-आठ मुलांना पायाच्या मापाचे साधे, चांगले बूट द्यावेत? उत्तम बूट ताशी १८ किलोमीटर वेगानं धावणाऱ्याला तीन-चार टक्के बचत देतो. नियमित सरावानं नवशिक्या मुलाच्या वेळेत होणारी सुधारणा त्याहून बरीच मोठी असते आणि ती बूट काढून ठेवल्यावरही टिकते. एखादी मुलगी राज्य पातळीवर पोचली आणि सेकंदाच्या अंशावर निवड ठरू लागली, की तिच्या बुटाचा विचार वेगळा करता येईल. तोवर मोजपट्टी, घड्याळ आणि नोंदवही यांचाच तिला जास्त उपयोग होईल.